कॅनॉलला पाणी सुटलं की

गेल्या आठवड्यात ड्यूटी संपवून घरी जाताना कॅनॉलच्या पुलावर स्कूटी थांबवली. रब्बीचं आवर्तन सुटलं होतं. धरणातून निघालेलं पाणी काटक्या, पाचट, प्लास्टिकच्या बाटल्या असं सगळं पोटाशी घेऊन सावकाश चाललं होतं. कठड्याला टेकून दोन शेतकरी त्याच्याकडे बघत उभे होते, दारात नवी म्हैस बांधल्यावर बघतात तसे. कॅनॉलला पाणी आलं की लोकांना गहू दिसतो, कांदा दिसतो. मला पाय दिसतात.

मी नर्स आहे. राहुरी तालुक्यातल्या एका लहान सरकारी दवाखान्यात ड्रेसिंगची खोली सांभाळते. आता निवृत्तीला फार वर्षं उरलेली नाहीत, आणि खरं सांगायचं तर मी दिवस मोजायला लागलेली आहे. आमच्याकडे पाणी सुटल्यावर आठ-दहा दिवसांनी पाय यायला लागतात. शुगर असलेल्या माणसांचे पाय. वर्षानुवर्षं शुगर वाढलेली राहिली की तळव्यांची जाणीव जाते. काटा रुतला तरी कळत नाही, रक्त आलं तरी कळत नाही. आणि इथली निम्मी माणसं थंडीच्या दिवसांत घोटाभर चिखलात उभी राहून गव्हाला पाणी देतात. मग एक दिवस बायको अंथरूण झाडताना म्हणते, ही चादर कशानं डागाळली?

या दिवसांना एक ठरलेला वास आहे. सकाळी कारखान्याच्या बाजूने येणारा मळीचा आंबूस वास, उसाच्या ट्रॅक्टरमागे राहणारा धुळीचा वास, आणि खोलीचं दार उघडलं की आयोडीनचा. त्याखाली आणखी एक वास असतो, जुन्या जखमेचा. नव्याने आलेल्या मुली पहिल्या दिवशी नाकाला रुमाल लावतात. मी त्यांना काही म्हणत नाही. चार दिवसांनी त्यांचा रुमाल आपोआप खिशात जातो. पाण्याची बादली गार असते, हातमोज्यांत बोटं आखडतात, आणि बाकावर एकामागून एक पाय पट्टी सोडून वाट बघत असतात. मला कित्येकदा पायांवरून माणूस ओळखता येतो, चेहऱ्यावरून नाही. हे काही चांगलं लक्षण नव्हे.

पट्टी बांधणं हे माझं अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे समजावून सांगणं. पायांची काळजी कशी घ्यायची याचा एक तक्ता भिंतीवर आहे, त्यात सहा वाक्यं आहेत. रोज रात्री आरशात तळवे बघायचे. अनवाणी चालायचं नाही. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवून बघायचा. नखं सरळ कापायची. पाय शेकायचे नाहीत. जखम दिसली की त्याच दिवशी दवाखान्यात यायचं. ही सहा वाक्यं मी इतक्या वेळा म्हटली आहेत की ताप आला तरी मी तीच बरळेन, असं माझा नवरा म्हणतो. सांगून झालं की कार्डावर लिहायचं, "रुग्णास समजावून सांगितले. समजले." रोज तेच लिहून हात दुखायचा म्हणून मी त्याचा रबरी शिक्काच करून घेतला होता. शाई लावली, ठोकला, झालं. त्या शिक्क्याचा मला तेव्हा थोडा अभिमानही होता.

माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. आमच्या घरात धडा समजला याचा अर्थ तो घडाघडा म्हणता आला. कुणी अडखळलं की पुन्हा पहिल्यापासून. तीच सवय मी दवाखान्यात आणली. सहा वाक्यं सांगायची, मग पेशंटकडून म्हणवून घ्यायची. म्हणून दाखवली की शिक्का. लोकांना मौज वाटायची. नातवाला पाढे म्हणायला लावणारे आजोबा माझ्यापुढे हाताची घडी घालून "नखं सरळ कापायची" म्हणायचे, आणि रांगेतली माणसं हसायची.

त्यात सगळ्यांत हुशार विद्यार्थी भानुदास आबा. साठीच्या पुढचा, सडपातळ, बोलायला मऊ माणूस. देवळाली प्रवरेच्या बाजूला कॅनॉलच्या चारीवर, म्हणजे पोटकालव्यावर, तीन एकर जमीन, घरी तो आणि बायको हिराबाई, मुलगा पुण्याकडे कंपनीत. चार वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर उजव्या पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी जखम घेऊन आला. बोराएवढी, पण खोल. मी जाणीव तपासायचा नायलॉनचा ताठ दोरा तळव्याला टोचून विचारलं, कळतंय का? तो माझ्याकडेच बघत होता, म्हणाला, "टोचलं का तुमी?"

मग सुरू झालं. दिवसाआड ड्रेसिंग. हिराबाई सोबत यायची, पदराखाली डबा धरून, कारण आबाला वेळेवर खायला हवं हे तिने मनावर घेतलं होतं. ती फार बोलायची नाही. आबा पहिल्या आठवड्यातच सहा वाक्यं शिकला. नुसती शिकला नाही, माझ्या आवाजात शिकला. एकदा नगरहून मोठे साहेब तपासणीला आले. त्यांनी सहज विचारलं, पेशंटला माहिती देता का? मी आबाकडे बोट केलं. आबा बाकावरून उठायला लागला, मी म्हटलं बसा बसा, आणि त्याने बसल्या बसल्या सहाही वाक्यं न चुकता म्हटली. साहेब खूश झाले. जाताना म्हणाले, याला म्हणतात आरोग्यशिक्षण. त्या दिवशी मी घरी जाताना बासुंदी नेली होती, आठवतंय मला.

जखम भरत होती. ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना यातला आनंद सांगून कळायचा नाही. पांढरट, चिवट असलेल्या जखमेच्या तळाशी एक दिवस लालसर दाणे दिसायला लागतात, कडा आत सरकतात. मी आबाला आरशात दाखवायची. एका शिबिरातून त्याच्यासाठी मऊ तळव्याची चप्पल मिळवली, निळ्या पट्ट्यांची. त्याने ती दोन्ही हातांत घेतली आणि आधी कपाळाला लावली. मी रागावले, अहो आबा, पायात घालायची आहे ती. तो हसला. "घालतो की." पौष लागता लागता जखम ज्वारीच्या दाण्याएवढी राहिली. अजून दोन आठवडे, मी म्हटलं. बस्स, दोन आठवडे सांभाळा.

त्यानंतर आबा दोन ड्रेसिंगना आला नाही.

आला तेव्हा सोमवार होता, रांग दारापर्यंत होती, माझ्यासोबतची सिस्टर रजेवर होती. पट्टीचा रंग बघितला आणि त्याला रांगेतून पुढे बोलावलं. पट्टी सोडायला लागले तर तिच्यातून चिखल निघाला. वाळलेला, काळा. अंगठा आणि शेजारचं बोट फुगून काळंनिळं झालेलं, तळव्याला बाजरीच्या धसकटाचा तुकडा रुतून बसलेला, बोटाच्या पेराएवढा. तो माणूस त्याच्यावर चार दिवस चालला होता. मी ओरडले. रांगेतल्या सगळ्यांसमोर ओरडले. किती वेळा सांगितलं तुम्हाला? काय सांगितलं होतं मी? सांगा, काय सांगितलं होतं?

आणि आबाने मान खाली घालून सांगायला सुरुवात केली. "रोज रातच्याला आरशात तळवे बघायचे. अनवानी चालायचं न्हाई. चप्पल घालायच्या आधी..."

मला वाटलं, हा माझी चेष्टा करतोय. मी म्हटलं, पुरे. तो तरी थांबला नाही. सहावं वाक्य म्हणूनच थांबला. मी विचारलं होतं, आणि तो उत्तर देत होता, एवढंच होतं ते. रांगेतलं कुणी हसलं नाही.

नगरला पाठवायची चिठ्ठी लिहीत असताना हिराबाई माझ्या टेबलाशी आली. तिने इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आपण होऊन तोंड उघडलं.

"सिस्टर, पानी आलं हुतं."

"कसलं पाणी?"

"कॅनॉलचं. आमच्या चारीला बेस्तरवारी पाळी हुती, सकाळपास्नं दिस मावळंस्तवर. ती चुकली तर म्हयनाभर पानी न्हाई, गहू करपला असता. पोरगं तिकडं. मला फावडं रेटत न्हाई आता. म्हनून ह्येच उतरले दारं धरायला."

दारं धरणं म्हणजे फावड्याने वाफ्याचं तोंड फोडायचं, पाणी आत घ्यायचं, वाफा भरला की चिखलानं ते तोंड लिंपायचं आणि पुढचं फोडायचं. दिवसभर. हे मला माहीत होतं. या तालुक्यात कुणाला माहीत नाही?

"आणि चप्पल?" मी विचारलं. "एवढी चप्पल दिली होती ना?"

"बांधावर ठिवली हुती," हिराबाई म्हणाली. "गोनी हातरून तिच्यावर. तुमी दिलेली, चिखलात कशी घालायची?"

त्या चपलेबद्दल मी पुढे कित्येक दिवस विचार करत होते. काळ्या रानाच्या ओल्या चिखलात कुठलीच चप्पल पायात राहत नाही, पहिल्या पावलालाच तळाशी अडकून राहते. गमबूट घातले तर आत पाणी भरतं. पण तो भाग वेगळा. आबाने ती घातली नाही कारण ती चांगली वस्तू होती. सिस्टरने दिलेली. सणाच्या धोतरासारखी ती जपायची होती. मी त्याला चपलेच्या आत हात घालून तपासायला शिकवलं होतं. दिवसातले नेमके कुठले तास ती पायात नसेल, हे काही मी विचारलं नव्हतं. दिवाळीपासून दिवसाआड तो माझ्यासमोर बसत होता. कॅनॉलला पाणी कधी सुटणार हे गावातल्या शाळकरी पोरांनाही माहीत होतं. मी रोज पुलावरून जात होते. आणि इतक्या दिवसांत मी त्याला एकदाही विचारलं नाही की आबा, तुमच्या चारीची पाळी कधी आहे, आणि त्या दिवशी तुम्ही काय करणार आहात?

नगरला आधी दोन बोटं काढली, मग दहा दिवसांनी अर्धं पाऊल. मी एका रविवारी भेटायला गेले. सफरचंदं नेली आणि नेल्यावर लक्षात आलं की खोलीत शेजारच्या तिघा पेशंटांकडेही सफरचंदंच आहेत. आबा उशीला टेकून बसला होता. मला बघून त्याने चादर ओढून पाय झाकला, लाज वाटल्यासारखा.

"सिस्टर, तुमी लई सांगितलं हुतं," तो म्हणाला. "मीच चुकलो. तुमच्या शिकवन्याला बट्टा लावला."

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "असू द्या आबा. झालं ते झालं."

मी त्याला माफ केलं. या वाक्यावर मी आजवर किती वेळा अडले असेन त्याला गणती नाही. ज्याचं अर्धं पाऊल गेलं त्याला मी, धडधाकट पायांवर उभी राहून, मोठ्या मनानं माफ केलं.

पुढच्या उन्हाळ्यात आम्हा नर्सना एका प्रशिक्षणाला बोलावलं. विषय होता रुग्णकेंद्रित शिक्षण. पंख्याखाली खुर्च्या, पडद्यावर चित्रं, दुपारी पुरी-भाजी. बोलणाऱ्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, तुम्ही काय सांगता यापेक्षा रुग्णाचा दिवस कसा जातो हे आधी विचारा. त्याला बोलू द्या. आम्ही सगळ्याजणींनी ते वहीत उतरून घेतलं. शेवटी बाईंनी आम्हाला विचारलं, काय शिकलात? आणि आम्ही एका सुरात म्हणून दाखवलं. मला एकटीलाच हसू आलं, आणि मग डोळ्यांत पाणी आलं. शेजारची म्हणाली, काय गं, बरं नाही का? मी म्हटलं, दमलेय.

दमणं म्हणजे काय ते मलाही नीट सांगता येत नाही. पाय दुखतात हे खरं, पण ते झोपल्यावर थांबतात. विचारायला वेळ लागतो. माणूस लगेच सांगत नाही, आधी इकडचं तिकडचं बोलतो, सुनेचं, म्हशीचं, आणि मग कुठेतरी मधेच खरं बोलतो. बाहेर चाळीस माणसं खोकत असतात. मी शिक्का फेकून दिला, आता हाताने लिहिते. पहिल्या दहा जणांना विचारते. विसाव्याला अर्धवट विचारते. तिसाव्याला माझ्या तोंडातून सहा वाक्यं आपोआप निघतात आणि ती निघताना मला ऐकू येत राहतात. संध्याकाळी घरी आल्यावर त्या तिसाव्या माणसाचा चेहरा आठवत बसते. आठवत नाही. पाय आठवतो.

आबाचं नाव मात्र ही चार वर्षं माझ्या कानावर येत राहिलं. तो गावात माझी जाहिरात करतो. कुणाला शुगर निघाली की अर्धं पाऊल दाखवून सांगतो, सिस्टरचं ऐकलं न्हाई म्हनून हे झालं. लोक घाबरून माझ्याकडे येतात. दवाखान्यात सगळे म्हणतात, त्या बाजूचे पेशंट फार शिस्तीचे. मी ऐकून घेते. नगरच्या त्या खोलीतलं "असू द्या" असं चार वर्षं वाढत गेलं, आणि मी ते वाढू दिलं.

या वेळी पाणी सुटलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी एक बाई आली, पन्नाशीची, टाचेला भेग पडून चिघळलेली. बाकावर बसली आणि हात जोडून म्हणाली, "भानुदास आबांनी सांगितलंय, सिस्टर काय म्हनतील ते निमूट ऐकायचं. मधी बोलायचं न्हाई."

मी पट्टी बांधली. त्या निमूट बाईला खोदून खोदून विचारायला मला पाऊण तास लागला, रांग चिडली, डॉक्टरांनी दोनदा डोकावून बघितलं. घरी आले तेव्हा जेवण गेलं नाही. शुगरवाल्याचं एक पाऊल गेलं की दुसऱ्यावर सगळा भार येतो, आणि बहुतेक वेळा तेही जातं. आबाचा डावा पाय अजून शाबूत होता. पाणी चारीला लागायला दोन-तीन दिवस उरले होते. आणि त्याची अजून समजूत होती की चूक त्याची होती, म्हणजे यंदाही तो चूक करायची नाही असं ठरवून पुन्हा त्याच चिखलात उतरणार.

परवाच्या रविवारी सकाळी गेले. नवऱ्याला म्हटलं, जरा जाऊन येते. रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस, मधेच तोडून मोकळं झालेलं रान, पुढे एकदम गव्हाचा हिरवा तुकडा. आबा ओट्यावर बसला होता, पायात बूट, उजव्या बुटात कापूस भरलेला. मला बघून तो उठायला लागला. हिराबाई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली.

मी खुर्चीवर बसले नाही. उभ्या उभ्याच बोलले, बसले असते तर बोलणं झालं नसतं. म्हटलं, "आबा, तुम्ही लोकांना सांगता ते खरं नाही. तुम्ही चुकला नव्हता. तुमची पाळी कधी आहे, पाणी कोण धरणार, हे मी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. मी विचारलं नाही. चूक माझी होती. आणि ते मला तेव्हाच कळलं होतं, तरी मी तुम्हाला तसंच बोलू दिलं."

आबाने आपल्या उजव्या बुटाकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणेल, नाही नाही सिस्टर, असं कसं. सगळे तसंच म्हणतात. मी त्याचीच वाट बघत होते, हेही आता लिहून टाकते.

"इच्यारलं असतं तर सांगितलं असतं की," तो म्हणाला. रागाने नाही. हवापाण्याचं बोलावं तसं. "दवाखान्यात शेतातलं काय काढायचं, म्हनून मी बोललो न्हाई."

"आता परवा पाणी येईल," मी म्हटलं. "तुम्ही उतरू नका. काहीतरी करू आपण, मी बघते, मुलाला फोन करते..."

"त्याचं झालंय सिस्टर," हिराबाई म्हणाली. "शेजारचा रंगनाथ धरतो की आमचं पानी. ह्यांचा पाय गेल्यापास्नं त्योच धरतो. आन हे त्याच्या कांद्याची रोपं हितं वट्यावर बसून निवडून देत्यात, जुड्या बांधून देत्यात. सावड हाय आमची. ह्यो चौथा हंगाम."

"त्या वर्षीसुद्धा धरलं असतं त्यांनी?" मी विचारलं.

"न धरायला काय झालं?" हिराबाई म्हणाली. "नुसतं म्हनायचं हुतं."

तिने चहा ठेवला. आबाने ओट्यावरची रोपांची टोपली माझ्यासाठी बाजूला सरकवली आणि मला बसायला जागा केली.